सुपरग्रॅव्हिटी शिकायची आहे? ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी पायरी-पायरीने

भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी महाप्याला नोकरीला लागले, तेव्हा सुपरग्रॅव्हिटी हा शब्द मला फक्त ऐकून माहीत होता. घर नौपाड्यात, त्यामुळे रोज ठाणे ते कोपरखैरणे प्रवास. ट्रान्स हार्बरची गाडी ठाण्याहूनच सुटते, थोडं आधी गेलं की बसायला जागा मिळते. तेवढ्या वेळात वाचायचं ठरवलं आणि दीड वर्ष नेमाने वाचलं. ग्रॅव्हिटिनो, अकरा मिती, एम-थिअरी अशी नावं भरपूर जमा झाली, पण एक समीकरण स्वतःच्या हाताने मांडता येत नव्हतं. मग सगळं बाजूला ठेवून वही-पेन घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढच्या अकरा महिन्यांत जमलं. बुद्धी तीच होती, वेळही तेवढाच होता, फक्त क्रम बदलला होता. तो क्रम खाली देते आहे.

हे लिहिलंय ते बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या, एमएस्सी करणाऱ्या किंवा इंजिनिअरिंग करूनही भौतिकशास्त्राची ओढ न सुटलेल्या मंडळींसाठी. माझं म्हणणं एकच आहे: चार मितींमधल्या सर्वांत साध्या सुपरग्रॅव्हिटीचं एक गणित आहे, ते स्वतः सोडवा. त्याच्या आधीच्या सगळ्या पायऱ्या त्या गणिताच्या तयारीसाठी आहेत आणि नंतरच्या सगळ्या त्याच्यामुळे सोप्या होतात.

विषय थोडक्यात असा. सुपरसिमेट्री म्हणजे बोसॉन (फोटॉनसारखे) आणि फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखे) या दोन जातींच्या कणांना एकमेकांत बदलणारी सममिती. हा बदल विश्वात सगळीकडे एकाच मापाने केला तर गुरुत्वाकर्षणाचा संबंध येत नाही. पण प्रत्येक बिंदूवर वेगळ्या मापाने करायची मुभा दिली, की गुरुत्वाकर्षण आपोआप आत येतं. ते बाहेरून आणून चिकटवावं लागत नाही. हीच सुपरग्रॅव्हिटी. मला या विषयाचा लळा लागला तो याच गोष्टीमुळे.

१. आधी स्वतःची तयारी तपासा

एक कोरा कागद घ्या आणि पुस्तक न उघडता या चार गोष्टी करून बघा. डिरॅक समीकरण लिहा आणि त्यातून क्लाइन-गॉर्डन समीकरण काढा. लॉरेन्झ रूपांतरणात स्पायनर (फर्मिऑनचं वर्णन करणारं क्षेत्र) कसा बदलतो ते लिहा. आइन्स्टाइन-हिल्बर्ट ॲक्शनपासून आइन्स्टाइनची समीकरणं काढा (ॲक्शन म्हणजे जिच्यावरून समीकरणं निघतात ती राशी). इलेक्ट्रॉनच्या फेजला प्रत्येक बिंदूवर वेगळं केलं की फोटॉनचं क्षेत्र का लागतं ते दोन वाक्यांत सांगा.

चारपैकी तीन जमलं तर पुढे चला. दोनच जमलं तर तीन-चार महिने तिथेच घालवा, ते वाया जात नाहीत. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळावरची व्याख्यानं फुकट आहेत. इटलीतल्या ट्रिएस्ट इथल्या आयसीटीपी या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राच्या डिप्लोमा वर्गांची व्याख्यानंही यूट्यूबवर मिळतात. २०१९ मध्ये आयसीटीपीचे संचालक झालेले अतीश दाभोलकर याच क्षेत्रातले, स्ट्रिंग थिअरी आणि कृष्णविवरांवर काम करणारे. आधी ते आपल्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, होते.

एक दिलासा देते. सुरुवातीला लूपची गणितं, रिनॉर्मलायझेशन, फाइनमन आकृत्यांची रास यातलं काही लागत नाही. मी तिथे पाच महिने अडकून पडले होते, कारण 'आधी पूर्ण क्वांटम फील्ड थिअरी, मगच पुढे' असं सगळे सांगत होते. सुपरग्रॅव्हिटीची मूळ रचना क्लासिकल पातळीवरच कळते.

२. सामान जमवा

– दोनशे पानी फुलस्केप वह्या, निदान तीन. सुटे कागद नकोत, ते हरवतात आणि नेमकं हवं तेच पान हरवतं.
– दोन रंगांची पेनं. एका रंगाने गणित, दुसऱ्याने चिन्हांची तपासणी.
– एकच मुख्य पुस्तक. माझी निवड फ्रीडमन आणि व्हान प्रोयेन यांचं २०१२ सालचं 'सुपरग्रॅव्हिटी'. वेस आणि बॅगर यांचं जुनं पुस्तकही नावाजलेलं आहे, पण ते दोन घटकांच्या स्पायनरांत लिहिलेलं आहे. दोन्ही एकदम उघडू नका.
– अर्काइव्ह या संकेतस्थळाची सवय. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी ते सुरू केलं ते याच विषयाच्या लोकांसाठी. तिथले सगळे शोधनिबंध आणि वर्गटिपणं फुकट उतरवून घेता येतात.
– कडाब्रा हे मोफत सॉफ्टवेअर. स्पायनर आणि टेन्सर यांच्या बीजगणितासाठीच ते बनवलेलं आहे. पण सहाव्या पायरीपर्यंत ते उघडू नका.

मोबाइलवर समीकरणं वाचू नका. इंडेक्स वरचा की खालचा, हे छोट्या पडद्यावर कळत नाही. टिपणं छापून घ्या, झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घ्या आणि समासात लिहायला जागा सोडायला सांगा.

पैशाची एक सूचना. 'स्ट्रिंग थिअरी बारा आठवड्यांत' छापाच्या एका ऑनलाइन कोर्सला मी पैसे भरले होते. बारा आठवडे रंगीत चित्रं बघितली, गृहपाठ एकही नव्हता. ज्या कोर्समध्ये तुमचं गणित कुणी तपासत नाही, त्यासाठी पैसे भरू नका.

३. वहीच्या पहिल्या पानावर संकेत लिहा

या पायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि पुढे महिने गमावतात.

क्वांटम फील्ड थिअरीची पुष्कळ पुस्तकं मेट्रिकमध्ये वेळेला धन आणि अवकाशाला ऋण चिन्ह देतात. गुरुत्वाकर्षणाची पुस्तकं बहुधा उलट करतात. दोन्ही बरोबर आहेत, पण एकत्र केली की घात होतो. पहिल्या पद्धतीत शून्याव्या गॅमा मॅट्रिक्सचा वर्ग अधिक एक येतो, दुसऱ्या पद्धतीत उणे एक. मी गॅमा मॅट्रिक्स एमएस्सीच्या टिपणांतून घेतल्या आणि वक्रता गुरुत्वाच्या पुस्तकातून. जी दोन पदं एकमेकांना खोडायला हवी होती ती एकमेकांत मिळून दुप्पट झाली. तीन आठवडे मी चूक गणितात शोधत होते. ती होती वहीच्या पहिल्या पानावर, म्हणजे ते पानच नव्हतं.

म्हणून पहिल्या पानावर हे लिहून ठेवा: मेट्रिकची चिन्हं, गॅमा मॅट्रिक्सचा नियम, रीमन टेन्सरची व्याख्या चिन्हासकट, चार इंडेक्सच्या एप्सिलॉनचं चिन्ह, आणि मायोराना स्पायनरांची (स्वतःच स्वतःचे प्रतिकण असणाऱ्या कणांच्या स्पायनरांची) अदलाबदल.

शेवटच्या गोष्टीबद्दल जरा सविस्तर सांगते. दोन मायोराना स्पायनरांच्या मध्ये गॅमा मॅट्रिक्सचा गुणाकार असेल आणि स्पायनरांच्या जागा बदलल्या, तर चिन्ह बदलतं का? चार मितींमध्ये उत्तर मध्ये किती इंडेक्सची अँटिसिमेट्रिक गॅमा आहे यावर ठरतं. शून्य असेल तर चिन्ह तेच, एक असेल तर उलट, दोन असतील तर उलट, तीन असतील तर तेच. 'तेच, उलट, उलट, तेच' असं मी पाढ्यासारखं पाठ केलं. याची परीक्षाही आहे. ग्रॅव्हिटिनो म्हणजे गुरुत्वाचा वाहक कण ग्रॅव्हिटॉन याचा सुपरसिमेट्रीतला जोडीदार; त्याच्या ॲक्शनमध्ये मध्ये तीन इंडेक्सची गॅमा असते. तिथे तुम्ही चुकून 'उलट' घेतलं तर ते सगळं पद एका पूर्ण डेरिव्हेटिव्हमध्ये गुंडाळलं जातं आणि ग्रॅव्हिटिनोला गतीच उरत नाही. हे एकदा वहीत करून बघा, मग तो पाढा जन्मभर विसरणार नाही.

४. आधी सपाट अवकाशातली सुपरसिमेट्री

वेस आणि झुमिनो यांनी १९७४ साली मांडलेलं मॉडेल घ्या, आणखी काही नको. त्यात दोन स्केलर क्षेत्रं आणि एक मायोराना स्पायनर आहे. रूपांतरणं लिहा, ॲक्शन बदलत नाही हे दाखवा.

मग एकामागोमाग दोन सुपरसिमेट्री रूपांतरणं करा, त्यांचा क्रम उलटा करून पुन्हा करा, आणि दोन्ही उत्तरांची वजाबाकी करा. उत्तर येतं ते क्षेत्राचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे अवकाश-काळात एक सरक. किती सरक, ते दोन्ही रूपांतरणांच्या मापांवरून ठरतं. हे मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी त्या ओळीभोवती चौकट काढली होती, ती अजून वहीत आहे. बोसॉनचा फर्मिऑन करा, फर्मिऑनचा परत बोसॉन करा, आणि कण मूळ जागेवरून हललेला असतो!

आता यापुढचा विचार स्वतः करा. माप बिंदूगणिक बदललं, तर सरकही बिंदूगणिक बदलेल. प्रत्येक बिंदू वेगवेगळा सरकवणं म्हणजेच कोऑर्डिनेट्सची मनमानी अदलाबदल, आणि ती चालवून घेणारा सिद्धांत म्हणजे व्यापक सापेक्षता. लेखाच्या सुरुवातीला म्हटलेलं 'आपोआप' ते हेच.

सुपरस्पेस नावाची एक सुंदर पद्धत इथे भेटेल. तिचा मोह होईल. पहिल्या फेरीत तिला हात लावू नका.

५. व्हीलबाइनची ओळख

स्पायनर फक्त लॉरेन्झ रूपांतरण जाणतो. कोऑर्डिनेट्स वाकडेतिकडे बदलले तर काय करायचं ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून वक्र अवकाश-काळात प्रत्येक बिंदूवर एक छोटी सपाट चौकट बसवावी लागते. तिला व्हीलबाइन म्हणतात. जर्मन शब्द आहे, अर्थ 'पुष्कळ पाय'.

आमच्या रविवारच्या गटात ऐरोलीचे एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर येतात, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. महिनाभर मला जे समजावता आलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "अगं, जमीन कशीही चढउताराची असू दे, थिओडोलाइट लावला की प्रत्येक ठिकाणी आपण तो लेव्हल करतोच ना? तुझा व्हीलबाइन म्हणजे तो लेव्हल केलेला थिओडोलाइट." आणि एका ठिकाणाहून शेजारच्या ठिकाणी जाताना तो किती फिरवावा लागेल याची नोंदवही म्हणजे स्पिन कनेक्शन. मी तेव्हापासून सगळ्यांना असंच सांगते.

या पायरीवर दोन सराव पुरेत. गोलाच्या पृष्ठभागासाठी व्हीलबाइन आणि स्पिन कनेक्शन काढून त्यावरून वक्रता काढा. मग तेच श्वार्झशिल्ड मेट्रिकसाठी करा. डिफरन्शियल फॉर्म वापरलेत तर दोन संध्याकाळींत होतं.

६. ते एक गणित

इथे घाई नको. मला सात आठवडे लागले, गटातल्या एका मुलाला तीनच लागले.

साहित्य असं. व्हीलबाइन, म्हणजे ग्रॅव्हिटॉन, स्पिन दोन. ग्रॅव्हिटिनो, स्पिन तीन-द्वितीयांश. सुपरसिमेट्रीचं माप स्वतः स्पायनर आहे. त्याला बिंदूगणिक बदलायला दिलं की फोटॉनसारखंच एक जोडक्षेत्र लागतं. फोटॉनच्या क्षेत्राला एक व्हेक्टर इंडेक्स असतो, याला व्हेक्टर इंडेक्सबरोबर स्पायनर इंडेक्सही असणार. असं क्षेत्र रारिटा आणि श्विंगर यांनी १९४१ मध्येच लिहून ठेवलं होतं.

ॲक्शन म्हणजे आइन्स्टाइन-हिल्बर्ट पद आणि रारिटा-श्विंगर पद यांची बेरीज. रूपांतरणं दोन. ग्रॅव्हिटिनोतला बदल म्हणजे मापाचं कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्ह. व्हीलबाइनमधला बदल म्हणजे माप, एक गॅमा आणि ग्रॅव्हिटिनो यांच्या गुणाकाराचा अर्धा. सिद्ध करायचं ते एवढंच, की ॲक्शन बदलत नाही.

पहिला भाग, ज्यात ग्रॅव्हिटिनो एकदाच येतो:

क) आइन्स्टाइन-हिल्बर्ट पदात व्हीलबाइन बदला. आइन्स्टाइन टेन्सर गुणिले माप, गॅमा, ग्रॅव्हिटिनो असं पद मिळेल.

ख) रारिटा-श्विंगर पदात ग्रॅव्हिटिनो बदला. एकदा इंटिग्रेशन बाय पार्ट्स करा. दोन कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्ह शेजारी येतात, त्यांचा कम्युटेटर म्हणजे वक्रता, सोबत एक-चतुर्थांश आणि दोन इंडेक्सची गॅमा.

ग) आता तीन इंडेक्सची गॅमा आणि दोन इंडेक्सची गॅमा यांचा गुणाकार सोडवा. पाच इंडेक्सचं पद चार मितींत शून्य. तीन इंडेक्सचं पद बियांकी आयडेंटिटीमुळे शून्य. एक इंडेक्सचं पद उरतं आणि त्यात रिची टेन्सर व स्केलर वक्रता नेमक्या आइन्स्टाइन टेन्सरच्या प्रमाणात येतात.

घ) क आणि ख एकमेकांना खोडतात.

ही पदं खोडली गेली तो दिवस माझ्या लक्षात आहे. शनिवार दुपार, पाऊस, तलावपाळीकडे उघडणारी मैत्रिणीच्या घरची खिडकी. आम्ही दोघी एकाच टेबलावर वेगवेगळ्या वह्यांत करत होतो. तिची वजा चिन्हं वेगळ्या ठिकाणी होती, माझी वेगळ्या, आणि शेवटची ओळ दोघींची शून्य. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं गुरुत्वाचं समीकरण एका स्पायनरच्या हिशेबातून असं समोर येतं, तेव्हा ते कुणी सांगून कळण्यासारखं राहत नाही.

दुसरा भाग अवघड, ज्यात ग्रॅव्हिटिनो तीनदा येतो. इथे सापळे तीन.

पहिला: ग्रॅव्हिटिनो असला की स्पिन कनेक्शनमध्ये टॉर्शन, म्हणजे एक प्रकारचा पीळ, येतं. व्यापक सापेक्षतेच्या सवयीने ते शून्य धराल तर उत्तर कधीच जुळणार नाही.

दुसरा: स्पिन कनेक्शनचा बदल वेगळा काढत बसाल. गरज नाही. स्पिन कनेक्शन स्वतःचं समीकरण पाळतंच, त्यामुळे त्याच्या बदलाला जे गुणलेलं असतं ते आधीच शून्य आहे. या युक्तीला 'वन पॉइंट फाइव्ह ऑर्डर फॉर्मलिझम' म्हणतात. तिने काम निम्म्याहून कमी होतं.

तिसरा: फीर्झ आयडेंटिटी. चार स्पायनरांच्या गुणाकारात जोड्या बदलायचा हा नियम. तो एकदा पूर्ण हाताने सिद्ध करा, मग कडाब्रात टाकून पडताळा. उलट क्रमाने केलंत तर सॉफ्टवेअरचं उत्तर चुकलं तरी तुम्हाला कळणार नाही.

१९७६ साली डॅनियल फ्रीडमन, पीटर व्हान न्यूवेनहाउझन आणि सर्जिओ फेरारा यांनी हा सिद्धांत प्रथम बांधला तेव्हा 'वन पॉइंट फाइव्ह'ची युक्ती हाताशी नव्हती. शेवटच्या टप्प्यातली पदं इतकी होती, की ती खोडली जातात का हे त्यांनी संगणकाकडून तपासून घेतलं. त्याच वर्षी स्टॅन्ली डेझर आणि ब्रूनो झुमिनो यांनी वेगळ्या मांडणीने तेच बरंच सुटसुटीत केलं. पहिल्या तिघांना २०१९ मध्ये विशेष ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. तुम्हाला दुसऱ्या भागाला दोन महिने लागले तर वाईट वाटून घेऊ नका.

७. मोजणी करा, आणि मगच अकरा मितींत जा

हा भाग आनंदाचा आहे आणि शाळेतल्या गणितावर होतो.

चार मितींत ग्रॅव्हिटॉनच्या अवस्था दोन, ग्रॅव्हिटिनोच्याही दोन. हिशेब जुळला. पण क्षेत्रांच्या गतीची समीकरणं न वापरता मोजा: व्हीलबाइनचे १६ घटक, त्यातून कोऑर्डिनेट्सच्या मुभेचे ४ आणि लॉरेन्झच्या मुभेचे ६ वजा, उरले ६. ग्रॅव्हिटिनोचे १६, त्यातून सुपरसिमेट्रीचे ४ वजा, उरले १२. सहाची तूट. म्हणून सहा घटकांची साहाय्यक क्षेत्रं जोडावी लागतात: दोन स्केलर आणि चार घटकांचा एक व्हेक्टर.

सुपरसिमेट्री एकाहून जास्त असू शकतात. चार मितींत कमाल आठ. का ते बघा. हेलिसिटी (गतीच्या दिशेने मोजलेली स्पिन) अधिक दोनपासून सुरू करा, प्रत्येक सुपरसिमेट्री ती अर्ध्याने खाली आणते. आठ अर्धे म्हणजे चार, म्हणजे बरोबर उणे दोनपर्यंत पोचलो. नववी असती तर दोनापेक्षा मोठी स्पिन लागली असती, आणि तशा कणांचा गुरुत्वाशी सुसंगत संसार मांडता येत नाही. अवस्थांची संख्या पास्कलच्या त्रिकोणाची आठवी ओळ: १, ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १. बेरीज २५६, निम्मे बोसॉन, निम्मे फर्मिऑन.

आता अकरा मिती. ग्रॅव्हिटॉनच्या अवस्था ४४. तीन इंडेक्सचं एक अँटिसिमेट्रिक क्षेत्र असतं, त्याच्या अवस्था म्हणजे नऊतून तीन निवडायचे प्रकार: ८४. बेरीज १२८. ग्रॅव्हिटिनोच्या अवस्था ८ गुणिले १६, त्याही १२८. इतकं बरोबर बसतं, की १९७८ मध्ये क्रेमर, ज्युलिया आणि शेर्क यांनी हा सिद्धांत लिहिला त्यात क्षेत्रं फक्त ही तीनच आहेत. यातल्या सात मिती आवळून घेतल्या की चार मितींतला आठ सुपरसिमेट्रींचा सिद्धांत मिळतो. १९९५ साली एडवर्ड विटन यांनी एम-थिअरीची, म्हणजे स्ट्रिंग थिअरीच्या वेगवेगळ्या रूपांना एकत्र आणणाऱ्या सिद्धांताची, कल्पना मांडली, तेव्हा हाच अकरा मितींचा सिद्धांत तिचं कमी ऊर्जेतलं रूप म्हणून पुन्हा पुढे आला.

नवखे लोक नेमके इथून सुरुवात करतात, कारण व्हिडिओ याचेच असतात. सहावी पायरी झालेली नसेल तर ही फक्त आकड्यांची गंमत राहील.

८. पदार्थ जोडा: 'उणे तीन' लक्षात ठेवा

सपाट अवकाशातल्या सुपरसिमेट्रीत निर्वाताची ऊर्जा शून्य किंवा धन असते. सुपरग्रॅव्हिटीत स्केलर क्षेत्रांच्या पोटेन्शियलमध्ये एक ऋण पद येतं, सुपरपोटेन्शियलच्या (ज्या फलनावरून पोटेन्शियल ठरतं त्याच्या) वर्गाच्या उणे तीन पट. त्यामुळे सुपरसिमेट्री मोडूनही निर्वाताची ऊर्जा शून्याजवळ ठेवता येते. आणि सुपरसिमेट्री मोडली की ग्रॅव्हिटिनोला वस्तुमान मिळतं, हिग्जच्या यंत्रणेसारखंच. याचं सर्वांत सोपं उदाहरण पोलोनी मॉडेल, ते अर्ध्या दिवसात होतं. २००३ साली कछरू, कॅलोश, लिंडे आणि त्रिवेदी यांनी स्ट्रिंग थिअरीत धन निर्वात-ऊर्जा कशी मिळवता येईल ते दाखवलं. त्या निबंधाचा आराखडा वाचायला लागणारी मुख्य गोष्ट हेच सूत्र आहे. त्यातले संदीप त्रिवेदी टीआयएफआरचे.

९. कुणी विचारलं, 'हे खोटं ठरलं ना?'

विचारतातच. उत्तर नीट द्या. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये आजवर एकही सुपरजोडीदार (सुपरसिमेट्रीने सुचवलेला जोडीदार) कण सापडलेला नाही, हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. त्यामुळे कमी ऊर्जेला सुपरसिमेट्री दिसेल अशी आशा धरणारी अनेक मॉडेलं अडचणीत आली. पण सुपरसिमेट्री कोणत्या ऊर्जेला मोडलेली असावी हे सुपरग्रॅव्हिटी स्वतः सांगत नाही. गुरुत्वाचे क्वांटम परिणाम उघड व्हायची ऊर्जा सुमारे १० चा १९ वा घात इतकी गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि कोलायडर तिच्या आसपासही नाही.

दुसरी टोकाची चूक म्हणजे 'हाच अंतिम सिद्धांत' म्हणणं. १९८० मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी केंब्रिजच्या व्याख्यानात आठ सुपरसिमेट्रींच्या सुपरग्रॅव्हिटीवर मोठी आशा ठेवली होती. नुसत्या आइन्स्टाइन गुरुत्वात दोन लूपला, म्हणजे क्वांटम दुरुस्त्यांच्या दुसऱ्या पातळीला, अनंत येतं हे १९८५-८६ मध्ये दिसलं. आठवाल्या सिद्धांतात चार मितींत चार लूपपर्यंत ते येत नाही हे २००९ पर्यंत झवी बर्न आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं. पुढे कायम असंच राहील का, हा प्रश्न उघडा आहे.

१०. माणसं शोधा

एकट्याने सहावी पायरी ओलांडणं फार जड जातं. आमचा गट पाच जणांचा, दर रविवारी सकाळी दहा ते एक, कुणाच्या तरी घरी. नियम दोनच: येताना स्वतः केलेलं निदान एक पान आणायचं, आणि 'समजलं' म्हणणाऱ्याने फळ्यावर करून दाखवायचं. शांत बसून वाचायला ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तिथे हा विषय मिळणार नाही, पण बैठक मिळते.

ठाण्याहून पवईची आयआयटी कांजूरमार्गला उतरून गाठता येते. मुंबई विद्यापीठाचा कलिना परिसर, कुलाब्याचं टीआयएफआर थोडं लांब. नवी मुंबईकरांना हार्बर सोयीची. तिथल्या सेमिनारना जायचं असेल तर आधी ईमेलने विचारा आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा, नाहीतर गेटवरूनच परतावं लागेल.

प्रोजेक्ट किंवा उन्हाळी शाळेसाठी अर्ज करताना हे आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा: सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, कॉलेजचं ना हरकत पत्र, एका पानाचं उद्देशपत्र, आणि शिफारसपत्र देणाऱ्या दोन शिक्षकांची संमती. शिफारसपत्राला सरांना किंवा मॅडमना निदान तीन आठवडे द्या. मी चार दिवस आधी मागितलं होतं, त्या वर्षीची संधी गेली. पीएचडीकडे जायचं असेल तर जेस्ट, नेट, गेट आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा या वाटा आहेत, आणि त्यांचा अभ्यास वेगळा करावा लागतो. सुपरग्रॅव्हिटी येते म्हणून थर्मोडायनॅमिक्सचे गुण मिळत नाहीत.

प्राध्यापकांना लिहिताना 'मला स्ट्रिंग थिअरीची आवड आहे' हे वाक्य टाळा, तसल्या ईमेल त्यांना रोज येतात. सहाव्या पायरीची वहीतली पानं स्कॅन करून जोडा आणि नेमका एकच प्रश्न विचारा. मी फीर्झच्या ओळीत अडकले होते तेव्हा चार पानं जोडून लिहिलं, की तिसऱ्या पानावरच्या सातव्या ओळीत चिन्ह का बदलतं. दोन दिवसांनी उत्तर आलं, पाच ओळींचं: चिन्ह बदलत नाही, दुसऱ्या पानावर तुम्ही दोन स्पायनर ओलांडलेत पण वजा एकदाच घेतलंय, आणि पुढच्या गुरुवारी साडेतीनला सेमिनार आहे, या.